म्हणे ‘पोलीस कारवाई’!

डचांनी इंडोनेशियाला २७ डिसेंबर १९४९ रोजी स्वातंत्र्य दिले, असे वाक्य आपल्याकडे अगदी सहजपणे लिहिले आणि वाचले जाते. आमचे भांडण या वाक्यातील एका क्रियापदाशी आहे. ‘दिले’ म्हणजे काय? ज्याच्याजवळ वस्तू आहे तो देतो, ज्याच्याजवळ नाही तो घेतो, आणि घेणाऱ्याने कृतज्ञ असावे अशी अपेक्षा असते. वस्तुतः इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकाचा जन्म १७ ऑगस्ट १९४५ रोजी झाला. जपानने शरणागती पत्करून जेमतेम दोन दिवस झाले होते. जकार्तामधील पेगांग्सान तिमूर या रस्त्यावरील आपल्या घरासमोर उभे राहून सुकार्नो यांनी, मोहम्मद हट्टा यांच्या साक्षीने, दोन वाक्यांची घोषणा वाचून दाखवली. ज्या डच सत्तेने १९४९ मध्ये स्वातंत्र्य ‘दिले’ असे म्हणतात, तिची एकही तुकडी त्या दिवशी त्या नगरीत सत्ता गाजवीत नव्हती. ती सत्ता मार्च १९४२ मध्येच जपान्यांपुढे शस्त्रे खाली ठेवून मोकळी झाली होती.

या दोन तारखांमध्ये चार वर्षे, चार महिने आणि दहा दिवसांचे अंतर आहे. तेवढ्या काळात सुमारे एक लाख इंडोनेशियन माणसे मारली गेली. नेदरलँड्सच्या बाजूचे सुमारे पाच हजार सैनिक गेले, त्यांतले निम्मे अपघाताने व रोगराईने. हे सारे ‘देण्यासाठी’ झाले काय?

बरे, दिले तरी कसे? हेग येथील गोलमेज परिषदेत सत्तांतराच्या अटी ठरल्या तेव्हा नव्या राष्ट्राच्या माथ्यावर सुमारे साडेचार अब्ज गिल्डर कर्ज लादण्यात आले. वसाहत सरकारचे जुने देणे त्यात होतेच. परंतु प्रजासत्ताक चिरडून टाकण्यासाठी ज्या लष्करी मोहिमा काढल्या गेल्या, त्यांच्या खर्चाचाही भार त्यात मिसळलेला होता. म्हणजे ज्याच्या घरावर चाल करून जायचे, त्याच्याच नावावर बंदुकीच्या गोळ्यांची उधारी लिहायची! इंडोनेशियाने हे देणे काही वर्षे इमानेइतबारे फेडले आणि १९५६ मध्ये उरलेले नाकारले. त्या नकाराला तेव्हा युरोपात बेइमानी म्हटले गेले. पश्चिम न्यू गिनी तर डचांनी १९६२ पर्यंत हातचे सोडलेच नाही.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. जुलै १९४७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९४८ मध्ये नेदरलँड्सने जावा व सुमात्रा या बेटांवर जमीन, समुद्र आणि आकाश या तिन्ही मार्गांनी आक्रमण केले. रणगाडे होते, बाँबफेकी विमाने होती, छत्रीधारी सैनिक होते. या दोन्ही मोहिमांना हेगच्या सरकारने नाव दिले ‘पोलीस कारवाई’. या नामकरणामागे भाबडेपणा नव्हता, कायद्याचा पक्का हिशेब होता. युद्ध म्हटले की दुसऱ्या पक्षाला राष्ट्र म्हणून मान्यता द्यावी लागते. युद्ध म्हटले की संयुक्त राष्ट्रसंघाचा दरवाजा उघडतो. पोलीस कारवाई मात्र घरातली बाब ठरते, आणि पकडलेला शत्रू युद्धकैदी न राहता गुन्हेगार ठरतो. भारत आणि ऑस्ट्रेलिया या दोन देशांनी जुलै १९४७ च्या अखेरीस हा प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे नेला, आणि १ ऑगस्टला परिषदेने युद्धबंदीचे आवाहन केले. घरातल्या बाबीत कोणी युद्धबंदीचे आवाहन करीत नसते. त्या एका ठरावाने शब्दाचा मुखवटा फाटला. तरीही डच शाळांतून आणि डच वृत्तपत्रांतून तो शब्द पुढे कित्येक दशके सुखाने नांदला.

येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. हाच शब्द आपल्याही घरात आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सेना हैदराबाद संस्थानात शिरली, त्या मोहिमेला आपण ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले. मराठवाड्यात आजही तिचा उल्लेख तसाच होतो. दोन्ही प्रसंग एका तराजूत घालण्यासारखे नाहीत. हैदराबादच्या सामान्य प्रजेला निजाम व रझाकार यांच्या जाचातून सुटायचे होते आणि तिच्या बहुसंख्येला भारत हवा होता. जावाच्या प्रजेला डच नको होते. परंतु मोहिमेनंतर तेथे जे हत्याकांड घडले त्याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल अनेक दशके कपाटात बंद राहिला, हेही तितकेच खरे. कारवाईला ‘पोलीस’ हे विशेषण लागले की मेलेल्यांची मोजदाद करण्याची घाई कोणालाच नसते.

आम्ही सेमिनरीत असताना नीतिशास्त्राच्या तासाला न्याय्य युद्धाच्या कसोट्या घोकल्या होत्या. संत ऑगस्टीनने पाया घातला, संत थॉमस अक्वायनसने मांडणी केली: अधिकार वैध असावा, कारण न्याय्य असावे, हेतू शुद्ध असावा, पुढील पंडितांनी त्यात भर घातली की युद्ध हा अखेरचा उपाय असावा आणि साधने प्रमाणात असावीत. या कसोट्या पुष्कळदा विजेत्याच्या सोयीने वापरल्या जातात, हे आम्ही जाणतो. म्हणूनच त्या येथे पराभूताच्या बाजूने नव्हे, सरळपणे लावून पाहू.

अखेरचा उपाय म्हणता? मग १९३६ साली काय झाले ते पाहा. वसाहतीच्या लोकप्रतिनिधी सभेत, जिला ‘फोल्क्सराड’ म्हणत, सुतार्जो नावाच्या सभासदाने एक विनंतीअर्ज मांडला. मागणी किती माफक होती! नेदरलँड्सच्या राजमुकुटाखालीच राहून, सुमारे दहा वर्षांच्या मुदतीत, टप्प्याटप्प्याने स्वायत्तता मिळावी यासाठी एक परिषद बोलवावी, एवढेच. त्या अर्जावर सह्या करणाऱ्यांत इग्नेशियस कासिमो हे कॅथलिक पक्षाचे जावानीज पुढारी होते. सभेने अर्ज संमत केला. हेगने दोन वर्षे विचार केला आणि १९३८ मध्ये तो फेटाळला. विनंतीचा कागद असा परत आल्यावर दहा वर्षांनी समोरच्याच्या हातात बांबूचा भाला दिसला, तर दचकण्याचा अधिकार कोणाला?

युद्धाच्या काळातही वाटाघाटी झाल्या. नोव्हेंबर १९४६ मध्ये लिंगाजाती या गावी करार ठरला आणि मार्च १९४७ मध्ये त्यावर सह्या झाल्या. जावा, मदुरा आणि सुमात्रा या बेटांवर प्रजासत्ताकाची प्रत्यक्ष सत्ता आहे, हे डचांनी त्यात मान्य केले होते. मतभेद झाल्यास ते लवादाकडे न्यावेत असेही कलम होते. सह्यांची शाई वाळून चार महिने होतात न होतात तोच आक्रमण झाले. लवादाचे कलम कागदावरच राहिले. पुढे जानेवारी १९४८ मध्ये जकार्ताच्या बंदरात उभ्या असलेल्या ‘रेनव्हिल’ या अमेरिकी जहाजावर दुसरा करार झाला, आणि १९ डिसेंबर १९४८ रोजी तोही मोडून डच विमाने योग्यकार्ताच्या मागुवो विमानतळावर उतरली.

हेतूविषयी तर आम्हाला काही बोलायलाच नको. पहिल्या मोहिमेचे गुप्त नाव ‘ऑपरेशन प्रॉडक्ट’ असे होते. प्रॉडक्ट म्हणजे उत्पादन. साखर, रबर, चहा आणि तेल. जर्मनांनी लुटून नेलेल्या नेदरलँड्सला परकीय चलनाची निकड होती आणि ती निकड जावाच्या मळ्यांतून भागवायची होती. ‘शांतता व सुव्यवस्था’ हा जाहीर हेतू, आणि नकाशावर मात्र सैन्याच्या वाटा नेमक्या मळ्यांकडे व तेलविहिरींकडे गेलेल्या. नाव ठेवणाऱ्या सेनाधिकाऱ्याचा प्रामाणिकपणा मात्र वाखाणण्याजोगा!

साधनांचे काय? दक्षिण सुलावेसीमध्ये डिसेंबर १९४६ पासून कॅप्टन रेमंड वेस्टरलिंग याच्या तुकड्यांनी गावेच्या गावे मैदानात गोळा करून, खटला नाही, साक्ष नाही, अशी माणसे गोळ्या घालून मारली. इंडोनेशिया हा आकडा चाळीस हजार सांगतो. इतिहासकार तो काही हजारांत धरतात. आम्हाला या दोन आकड्यांमधल्या वादात शिरायचे नाही. काही हजार हा आकडा कोणाला लहान वाटतो काय? पश्चिम जावातील रावागेडे या खेड्यात ९ डिसेंबर १९४७ रोजी डच सैनिक एका बंडखोर नेत्याच्या शोधात आले. तो सापडला नाही, म्हणून त्यांनी गावातील पुरुषांना रांगेत उभे करून ठार केले. गावकरी ४३१ ही संख्या सांगतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निरीक्षकांनी काही आठवड्यांतच ही कारवाई हेतुपुरस्सर आणि निर्दय होती असे नोंदवले. संबंधित अधिकाऱ्यावर खटला भरला गेला नाही.

या सत्याला घरी पोहोचायला किती वर्षे लागली ते पाहण्यासारखे आहे. १९६९ मध्ये योप ह्युटिंग या माजी सैनिकाने डच दूरचित्रवाणीवर आपण पाहिलेले व केलेले अत्याचार सांगितले. त्याला धमक्या आल्या, घर सोडून लपावे लागले. सरकारने घाईने एक अहवाल तयार करून घेतला आणि सांगितले की काही ‘अतिरेक’ घडले, पण सैन्य एकंदरीत नीट वागले. हे वाक्य पुढे जवळजवळ पन्नास वर्षे डच राज्याचे अधिकृत मत राहिले. २००५ मध्ये परराष्ट्रमंत्री बेन बॉट जकार्ताला गेले आणि आपला देश इतिहासाच्या चुकीच्या बाजूला उभा होता असे बोलले. २०११ मध्ये हेगच्या न्यायालयाने रावागेडेच्या वृद्ध विधवांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डच राजदूताने त्या गावात जाऊन क्षमा मागितली आणि प्रत्येकीला वीस हजार युरो मिळाले. मार्च २०२० मध्ये राजे विलेम-अलेक्झांडर यांनी माफी मागितली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तीन डच संशोधन संस्थांनी मिळून केलेल्या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष आला की टोकाची हिंसा सर्रास, पद्धतशीरपणे आणि वरिष्ठांच्या संमतीने चालली होती. पंतप्रधान मार्क रुटे यांनी त्याच दिवशी माफी मागितली. १७ ऑगस्ट १९४५ ही तारीख पूर्णपणे मान्य असल्याचे त्यांनी संसदेत सांगितले ते जून २०२३ मध्ये. अठ्ठ्याहत्तर वर्षे! तोवर रावागेडेच्या बहुतेक विधवा आपल्या पतींच्या शेजारी मातीत विसावल्या होत्या.

‘पण दुसऱ्या बाजूनेही अत्याचार झालेच ना?’ हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. झाले. ऑक्टोबर १९४५ पासूनच्या काही महिन्यांत प्रक्षुब्ध तरुणांच्या टोळ्यांनी डच, युरेशियन, चिनी आणि अंबोनी माणसांना, बायकामुलांसकट, हजारोंच्या संख्येने मारले. जपानी छावण्यांतून नुकतेच सुटलेले हाडांचे सापळे होते ते. मुंतिलान येथे २० डिसेंबर १९४८ रोजी संजया नावाचे जावानीज धर्मगुरू आणि बाउवेन्स नावाचे डच येशूसंघीय यांची हत्या झाली, तीही डचांनी केलेली नव्हती. या रक्ताला क्रांतीचे अत्तर लावून कोणी आमच्यापुढे आणू नये. तथापि ‘दोघेही सारखेच’ असे म्हणून हात झटकणाऱ्याला आमचे एवढेच विचारणे आहे: टोळ्यांचा खून आणि राज्याचे धोरण यांत फरक नाही काय? पहिल्या हिंसेचा प्रजासत्ताकाच्या पुढाऱ्यांनी जाहीर निषेध केला. सुतान शहरीर यांनी तर आपल्याच तरुणांच्या या वेडाविरुद्ध पुस्तिका लिहिली. दुसरी हिंसा अधिकृत आदेशांनी चालली, आणि तिचे पुढारी तिला सुव्यवस्था म्हणत राहिले. शिवाय एक साधा प्रश्न उरतोच. कोण कोणाच्या घरात होते?

या युद्धाशी आपला काय संबंध, असे कोणा वाचकाला वाटत असेल. संबंध आहे, आणि तो रक्ताचा आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये जपान्यांची शस्त्रे उतरवण्यासाठी आणि युरोपीय कैद्यांना सोडवण्यासाठी ब्रिटिशांनी सुराबाया बंदरात जी ४९ वी ब्रिगेड उतरवली, ती ब्रिटिश नव्हती, भारतीय होती. आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांची मुले. बर्मा आणि मलायाच्या वाटेवरून परत घरी जायचे, तर त्यांना पाठवले गेले एका अनोळखी बेटावर, जेथील लोकांशी त्यांचे काडीचेही वैर नव्हते. डच सत्तेची वाट मोकळी करण्यासाठीच हे सैन्य आले आहे, असे सुराबायाच्या लोकांना वाटले, आणि त्यांचे वाटणे अगदीच निराधार नव्हते. २८ ऑक्टोबरला शहर उठले. ब्रिगेड चारी बाजूंनी वेढली गेली, शेकडो जवान पडले. सुकार्नो आणि हट्टा यांनी विमानाने येऊन तह घडवला. परंतु ३० तारखेला ब्रिगेडियर मॅलबी, मराठ्यांची एक तुकडी अडकून पडलेल्या इमारतीसमोर, गोंधळात मारले गेले. मग ब्रिटिशांनी निर्वाणीचा इशारा दिला आणि १० नोव्हेंबरला युद्धनौका, विमाने व ५ वी भारतीय डिव्हिजन यांच्या बळावर शहरावर हल्ला केला. तीन आठवडे घरोघर झुंज चालली. १० नोव्हेंबर हा दिवस इंडोनेशिया आज वीरदिन म्हणून पाळतो.

म्हणजे त्या वीरांना मारणाऱ्या हातांत आपलेही हात होते. काही शे भारतीय सैनिक, मुख्यतः मुसलमान, पलटण सोडून प्रजासत्ताकाला जाऊन मिळाले. बाकीच्यांनी हुकूम पाळला. त्यांना आम्ही दोष देत नाही. हुकूम देणाऱ्याला देतो. काँग्रेसने भारतीय सैन्य परत बोलावण्याची मागणी केली, पण दिल्लीतील सत्ता अजून आपली नव्हती. जकार्ताच्या मेन्तेंग पुलो येथे राष्ट्रकुलाची युद्ध दफनभूमी आहे, तिच्यात भारतीय सैनिकांची नावे कोरलेली आहेत. ते दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी तिसऱ्याच्या भूमीत पडले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्यासाठी एक ओळही नाही, कारण त्यांना कोणत्या रकान्यात लिहावे हेच आपल्याला समजत नाही.

त्याच इंडोनेशियाने १९४६ मध्ये, स्वतः नाकेबंदीत असताना, दुष्काळाच्या छायेत असलेल्या भारताला पाच लाख टन तांदूळ देऊ केला. हा शहरीर यांचा मुत्सद्दीपणा होता, हे उघड आहे. बदल्यात कापड हवे होते. असेना. ज्यांच्या गावावर वर्षभरापूर्वी आपल्या देशाच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या, त्यांनी भाताची पोती पुढे केली. त्यानंतर भारताने जे केले त्याचा अभिमान बाळगावा असेच ते आहे. ओरिसाच्या बिजू पटनाईक यांनी जुलै १९४७ मध्ये स्वतः विमान चालवून शहरीर यांना वेढ्यातून बाहेर आणले. पटनाईक यांचेच एक डकोटा विमान, मलायाच्या रेडक्रॉसची औषधे घेऊन येत असताना, २९ जुलै १९४७ रोजी डचांनी योग्यकार्ताजवळ पाडले. त्यात मृत्यू पावलेल्यांपैकी एक होते आगुस्तिनुस आदिसुचिप्तो, इंडोनेशियाच्या हवाईदलाच्या संस्थापकांपैकी एक आणि श्रद्धावान कॅथलिक. औषधांच्या पेट्या पाडणे ही कोणत्या देशाच्या पोलिसांची कारवाई असते? डिसेंबर १९४८ च्या आक्रमणानंतर नेहरूंनी डच विमानांना भारताचे आकाश बंद केले आणि जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई व इतर देशांची परिषद भरवली. त्याच महिन्यात सुरक्षा परिषदेने प्रजासत्ताकाच्या पुढाऱ्यांना सोडण्याचा आणि सत्तांतराचा ठराव केला. अमेरिकेने मदतीचा हात आखडता घेण्याची भाषा सुरू केली, तेव्हा कोठे हेगला शहाणपण सुचले. इकडे जनरल सुदिर्मान एकाच फुप्फुसावर, क्षयाने खंगलेल्या देहाने, डोलीत बसून डोंगराडोंगरांतून गनिमी कावा लढवीत होते. मराठी वाचकाला ही युद्धपद्धती समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता आमच्या अंगणात येतो. आमच्यातील काही सुशिक्षित मंडळी खासगीत म्हणतात: ‘ज्यांनी आम्हाला श्रद्धा दिली, शाळा दिल्या, त्यांच्याविरुद्ध शस्त्र धरणे हा कृतघ्नपणा नव्हे काय?’ गोव्याच्या १९६१ च्या मुक्तीविषयी अशीच कुजबुज आम्ही ऐकली आहे. पोर्तुगालही गोव्याला वसाहत म्हणत नसे, ‘प्रांत’ म्हणत असे. शब्दांचा हा धंदा जुनाच आहे. या मंडळींनी सेमारांगचे बिशप आल्बर्ट सुगियाप्रानाता यांचे चरित्र अवश्य वाचावे. १८९६ मध्ये सुराकार्ता येथे मुसलमान घरात जन्म, डच येशूसंघीय व्हान लिथ यांच्या मुंतिलानच्या शाळेत शिक्षण, तेथेच बाप्तिस्मा, १९३१ मध्ये नेदरलँड्समध्ये गुरुदीक्षा, आणि १९४० मध्ये इंडोनेशियाचे पहिले देशी बिशप. श्रद्धा, शाळा, दीक्षा, सारे काही डच माणसांच्या हातून मिळालेले. कृतज्ञतेचा हिशेब कोणाला मांडायचाच असेल तर याहून मोठा ऋणको सापडणार नाही.

या ऋणकोने काय केले? प्रजासत्ताकाची राजधानी योग्यकार्ताला हलली होती. १९४७ मध्ये त्यांनी आपले आसनही डचांच्या ताब्यातील सेमारांगहून तेथे हलवले. आपल्या लोकांना ते सांगत की शंभर टक्के कॅथलिक व्हा आणि शंभर टक्के इंडोनेशियन व्हा. डच नाकेबंदीने जनतेचे कसे हाल होत आहेत याचे वृत्त त्यांनी बाहेर पाठवले आणि ते अमेरिकेतील कॅथलिक नियतकालिकात छापून आले. व्हान लिथ यांचे उपकार ते विसरले नाहीत, आणि त्या उपकारांची परतफेड जनरल स्पूर यांच्या सैन्याला करायची असते, असेही त्यांनी मानले नाही. श्रद्धा देणारा हा मालक नसतो. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१९ च्या ‘मॅक्सिमुम इल्लुद’ या पत्रात मिशनऱ्यांना बजावले होते की आपल्या ऐहिक मायदेशाचा विस्तार हे तुमचे काम नव्हे. रोमने १९४७ मध्येच जकार्तामध्ये आपला प्रतिनिधी नेमला. जे पोपमहोदयांना समजले, ते आमच्या मंडळींना समजू नये?

परंतु दुसरी बाजू झाकणे आम्हाला शोभणार नाही. पहिल्या आक्रमणाच्या वेळी नेदरलँड्सचे पंतप्रधान लुई बेल हे कॅथलिक पीपल्स पार्टीचे होते. दुसऱ्या वेळी पंतप्रधान मजूर पक्षाचे असले, तरी वसाहतखात्याचे मंत्री सासेन त्याच कॅथलिक पक्षाचे, आणि जकार्तामधील राजप्रतिनिधी पुन्हा बेलच. सासेन यांनी फेब्रुवारी १९४९ मध्ये राजीनामा दिला तो पश्चात्तापाने नव्हे. सरकार नमते घेऊ लागले म्हणून. रविवारी एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारी, एकच लॅटिन मिस्सा ऐकणारी माणसे नाकेबंदीच्या दोन्ही बाजूंना होती. पाच वर्षे जर्मनांच्या टाचेखाली भरडून निघालेल्या, १९४४-४५ च्या हिवाळ्यात ट्युलिपचे कंद शिजवून खाल्लेल्या या लोकांना परकी सत्ता म्हणजे काय हे कोणी शिकवायला हवे होते काय? घटनेप्रमाणे सक्तीच्या भरतीतील सैनिकाला त्याच्या संमतीविना समुद्रापार पाठवता येत नव्हते. सैनिक आधी जहाजात चढवले गेले, घटना मागाहून दुरुस्त केली गेली. जाण्यास नकार देणाऱ्या दोन हजारांहून अधिक तरुणांना तुरुंगवास झाला, आणि जर्मनांना नकार देणाऱ्यांचे पुतळे त्याच वेळी चौकाचौकांत उभे राहत होते.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो आम्हाला सर्वांत जड वाटतो. ‘ज्या प्रजासत्ताकाचे तुम्ही गोडवे गाता, त्यानेच ७ डिसेंबर १९७५ रोजी पूर्व तिमोरवर चढाई केली ना?’ होय, केली. पोर्तुगीजांनी सोडलेल्या त्या लहानशा, बहुतांशी कॅथलिक होत गेलेल्या देशात चोवीस वर्षांत एक लाखाहून अधिक माणसे मेली, असे तेथील सत्यशोधन आयोगाने नोंदवले. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलीच्या सांताक्रूझ दफनभूमीत जमलेल्या तरुणांवर इंडोनेशियाच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. जकार्ताची भाषा काय होती? शांतता, सुव्यवस्था, घरातली बाब. १९४७ मध्ये हेगने वापरलेले तेच शब्द. १९९९ च्या सार्वमतात तिमोरच्या ७८ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपले उत्तर दिले, तेव्हाही त्यांची घरे जाळण्यात आली. या कृत्यासाठी १९४५ च्या घोषणेला दोष देणे मात्र तर्काला धरून नाही. सुराबायाचा न्याय ज्या कसोटीवर ठरला, त्याच कसोटीवर दिलीचा अन्याय ठरतो. कसोटी बदलायची नाही, एवढेच पथ्य. ज्यांना १९४७ चे डच नकोसे वाटतात आणि १९७५ चे जनरल चालतात, त्यांच्याशीही आमचे भांडण आहे.

हे पथ्य पाळणारा एक माणूस या युद्धाने दिला. पोन्के प्रिन्सेन, जन्म हेगमध्ये, १९२५ साली. वीर्ट येथील सेमिनरीत काही वर्षे शिकला, जर्मनांच्या कैदेत पडला, सुटला, आणि सक्तीच्या भरतीत जावाला पाठवला गेला. तेथे जे पाहिले त्यानंतर सप्टेंबर १९४८ मध्ये तो सीमारेषा ओलांडून प्रजासत्ताकाला मिळाला आणि पूर्वीच्या सोबत्यांविरुद्ध लढला. पुढे त्याने इस्लाम स्वीकारला; त्याविषयी आम्हा धर्मगुरूंना काय वाटते हा येथे प्रश्न नाही. इंडोनेशियाच्या संसदेत तो बसला, आणि सुकार्नोंची सत्ता एकहाती होऊ लागली तेव्हा त्यांच्याही तुरुंगात गेला. सुहार्तो आले, मानवी हक्कांसाठी बोलला म्हणून त्यांच्याही तुरुंगात गेला. १९९४ मध्ये, वृद्ध आणि आजारी अवस्थेत, त्याला नातलगांना भेटण्यासाठी मायदेशी यायचे होते. रावागेडेच्या अधिकाऱ्याला ज्या देशाने कधी न्यायालयात उभे केले नाही, त्या देशात प्रिन्सेनला काही दिवसांचा परवाना द्यावा की नाही यावर मोठे वादळ उठले. जुन्या सैनिकांनी निषेध केला, धमक्या आल्या. अखेर मानवतेच्या कारणास्तव परवाना मिळाला. तो आला, नातलगांना भेटला आणि जकार्ताला परत गेला. २००२ मध्ये तेथेच वारला.